सान पेद्रोची किल्ली

कोंबडा आणायचं काम यंदा धाकट्या भावाकडे, पोंसीकडे, होतं, म्हणजे कोंबडा येईल की नाही याची कुणालाच खात्री नव्हती. पण बुधवारी दुपारी तो खरंच आला, काखेत लाल कोंबडा आणि पिशवीत जिनची बाटली घेऊन. दोन्ही वस्तू त्याने जेवणाच्या टेबलावर अशा थाटात ठेवल्या, की सबंध पवित्र आठवडा त्याच्या एकट्याच्या खांद्यावर उभा आहे असं वाटावं.

"बाटली कोंबड्याची आहे," आत्सी, म्हणजे थोरली बहीण, म्हणाली. "लक्षात ठेव."

"आत्सी, मला काय कळत नाही का?"

"कळतं म्हणूनच सांगते."

बाटली खरोखरच कोंबड्याची होती. गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत रथावर, घरी सांभाळलेल्या सान पेद्रोच्या, म्हणजे संत पेद्रोच्या, लाकडी मूर्तीच्या पायाशी जिवंत कोंबडा बांधायचा ही गातबोंतोन घराची रीत. येशूला पकडलं तेव्हा त्याच्या या शिष्याने, पेद्रोने, त्याची ओळख नाकारली, एकदा नाही, तीनदा. आणि तिसऱ्यांदा नाकारल्याबरोबर कोंबडा आरवला, म्हणून तो कोंबडा. पांपांगा प्रांतातली इतर गावं लाकडी कोंबड्यावर भागवतात. आमच्या गावाला जिवंत लागतो, पण आरवलेला चालत नाही. आरवला की गातबोंतोनांच्या घरात कुणीतरी खोटं बोललं असं सगळं गाव धरून चालतं, आणि ती जोखीम त्या घराला कधीच परवडण्यासारखी नव्हती. म्हणून इमा, म्हणजे या चौघा भावंडांची आई, मिरवणुकीआधी कोंबड्याला जिनमध्ये भिजवलेला भात खाऊ घालायची. कोंबडा डोळे अर्धे मिटून, डुलत डुलत गावभर फिरून यायचा. बायका म्हणायच्या, बघा, मुक्या पाखरालाही आजच्या दिवसाचं गांभीर्य कळतं.

यंदा इमा नव्हती. ती जानेवारीत गेली, आणि तिच्या शवपेटीवरची फुलं सुकायच्या आत तिच्या थोरल्या मुलाने, सांतिंगने, सान पेद्रोचं माप घेतलं होतं. त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं. पण टेपचं दुसरं टोक त्याच्या बायकोने धरलं होतं, आणि तिच्या पोटात काही राहत नसे. ही बाई पंचावन्नची झाली, आजी झाली, तरी गावभर तिचं नाव बेबीच.

आज सांतिंग मालाची गाडी घेऊनच आला होता. गाडीत जुन्या गाद्या अंथरलेल्या होत्या. गाद्या बघितल्याबरोबर आत्सीला सगळं कळलं, पण तिने सगळ्यांना आधी जेवायला बसवलं. नारळाच्या दुधातल्या तांदळाच्या गोळ्या तिने प्रत्येकाच्या वाटीत वाढल्या.

"सरळ बोलतो," सांतिंग म्हणाला.

तो सरळ बोलतो म्हणाला की धाकटी बहीण मिली हातातला चमचा खाली ठेवायची. लहानपणापासूनची सवय. सरळ बोलूनच त्याने एकदा तिची सायकल नेली होती.

"इमा होती तोवर ठीक होतं. आता आत्सी इथे एकटी. दर पावसाळ्यात घरात पाणी. सान पेद्रोला वाळवी लागली तर लोक मला विचारतील. माझ्या रिसॉर्टच्या दाराशी मी त्याच्यासाठी काचेचं देऊळ बांधलंय. एसी आहे. आजच त्याला नेतो, परवा तो तिथूनच मिरवणुकीला येईल. जगाला दिसेल तरी."

"लाकडाला एसी कशाला?" आत्सीने विचारलं.

"त्याला नाही, भाविकांना."

"पोहायच्या कपड्यातल्या भाविकांना?"

"आत्सी, देवाला कपड्यांचं काही नसतं," बेबी म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण सान पेद्रोसाठी जरीचा झगा शिवून आणलाय, तोही सौंदर्यस्पर्धेतल्या मुलींचे कपडे शिवणाऱ्या शिंप्याकडून. तिने वाटीत तोंड घातलं.

सांतिंग आमच्या भागाचा कॅप्टन, म्हणजे सरपंचासारखा, होता आणि मे महिन्यात मेयरच्या निवडणुकीला उभा होता. पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी-शुक्रवारी प्रचाराला बंदी असते: बॅनर नाही, भोंगा नाही, टोप्या वाटायच्या नाहीत. संतावर मात्र बंदी नाही. ज्या पणजोबाने, आपू बासिलियोने, लढाईत पेटलेल्या चर्चमध्ये घुसून सान पेद्रोला खांद्यावरून बाहेर आणलं, त्याच्या नावाने गावात रस्ता आहे, चर्चमध्ये पहिल्या रांगेतलं बाक आहे. आणि सांतिंगच्या प्रत्येक पोस्टरवर त्याच्या दात दाखवणाऱ्या फोटोखाली लिहिलेलं होतं, 'आगीत उडी घेणाऱ्यांच्या रक्ताचा'. सांतिंगने स्वतः जन्मात कोळशाची शेगडीसुद्धा पेटवली नव्हती, ती गोष्ट वेगळी.

"मी मत घेऊ या म्हणतो," तो म्हणाला. "लोकशाही आहे."

"माझं मत सगळ्यांना माहीत आहे," मिली म्हणाली. "ते लाकूड आहे. लाकडापुढे गुडघे टेकू नका असं वचनात लिहिलंय." मिली आणि तिचा नवरा बाजारातल्या त्या नव्या चर्चमध्ये जात, जिथे मूर्ती नसतात, ड्रम असतात.

"लाकूडच आहे ना, मग मला देऊन टाकायला तुझी हरकत नाही."

"माझी मूर्तीला हरकत आहे. तुला द्यायला जास्त हरकत आहे, कोया," ती मोठ्या भावाला म्हणाली.

"पोंसी?"

धाकट्या पोंसीने घसा साफ केला. तो जहाजावर स्वयंपाकी होता, सुट्टीवर आला होता, आणि पुन्हा समुद्रावर जायची त्याला अजिबात इच्छा नव्हती. "कोयाने मला रिसॉर्टचं स्वयंपाकघर सांभाळायला सांगितलंय," तो म्हणाला. "त्याचा याच्याशी संबंध नाही. पण काचेचं देऊळ चांगलंच दिसेल."

म्हणजे सांतिंग, बेबी आणि पोंसी एका बाजूला. आत्सीने वाट्या गोळा करायला सुरुवात केली. बाहेर कोपऱ्यावरच्या मांडवात कालपासून येशूच्या दुःखाची गाथा गाणं चालू होतं. पूर्वी म्हाताऱ्या रडक्या चालीत गायच्या. यंदा तरुण मंडळाने माइक हातात घेतला होता, आणि काटेरी मुकुटाचं कडवं ज्या चालीवर चाललं होतं, त्या चालीवर पोंसीचा पाय टेबलाखाली ठेका धरत होता.

रेमेदियोस गातबोंतोन, म्हणजे आत्सी, शाळेतून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, गुडघा दुखणारी बाई. पण गावात तिला कुणी तसं म्हणत नसे. ती 'सान पेद्रोची आत्सी' होती. मासळीवाली तिला ताजा मासा बाजूला काढून ठेवायची, कारण मुलाच्या परदेशी नोकरीसाठी आत्सीने सान पेद्रोच्या कानात शब्द टाकायचा होता. सान पेद्रो गाडीत चढला की ही सगळी बाई त्याच्याबरोबर गाडीत चढणार होती, आणि इथे उरला असता तो नुसता गुडघा. हे तिला स्वच्छ दिसत होतं, आणि त्याची तिला भीती वाटत होती.

"निदान आज कपडे तरी मी चढवते," बेबी म्हणाली. तिने ते हळू म्हटलं. "इतकी वर्षं या घरात येतेय. दर वर्षी या बुधवारी इमा दार लावून घ्यायची आणि मी बाहेर बसून टाचण्या मोजायची. मी काय परकी होते?"

हे खरं होतं. सान पेद्रोचे कपडे घरातली एकच बाई चढवायची, दार लावून. पुरुषांनी तर बघायचंच नाही. संतांच्याही अब्रूचा प्रश्न असतो, असं इमा सांगायची, आणि ते सगळ्यांना पटायचं.

मिलीने बेबीकडे पाहिलं. वहिनी तिला कधी आवडली नव्हती, पण त्या दाराबाहेर मिलीही बसलेली होती, दोन वेण्यांतली, मांडीवर टाचण्यांची डबी घेऊन. आत फक्त इमा आणि आत्सी. पिनातुबोच्या ज्वालामुखीचा चिखल गावात शिरला तेव्हा इमाने आधी सान पेद्रोला छपरावर चढवलं, मग फ्रीज, आणि मग मिलीला हाक मारली. मिली दुसऱ्या चर्चमध्ये का गेली याची तिच्या पाद्र्याने लिहून घेतलेली साक्ष फार सुंदर आहे. त्यात फ्रीजचा उल्लेख नाही.

आत्सीने ओल्या हातांनी बेबीचा खांदा धरला.

"ये," ती म्हणाली. "तुला त्याच्या मुठीतली किल्ली काढता येईल ना? जपून काढ. आधी तार सोडव."

सांतिंगला इतका आनंद झाला की त्याने पोंसीला जिनच्या बाटलीकडे खूण केली. कोंबड्याच्या वाट्यातलं दोघांनी थोडं घेतलं. दार लागलं. आत कापडाची सळसळ झाली, मग बराच वेळ काहीच नाही. मग दार उघडलं, आणि बेबी बाहेर आली. तिच्या एका हातात चांदीची किल्ली होती, आणि दुसऱ्या हातात सान पेद्रोचा मनगटापासून सुटा होणारा उजवा हात.

"याच्या मुठीत काहीतरी आहे," ती म्हणाली.

सगळे वाकून बघू लागले. मूठ घट्ट मिटलेली होती. लोक समजत होते की ती किल्लीवर मिटलेली आहे, पण किल्ली तर नुसती तारेने बांधलेली होती. मुठीतून लाकडात कोरलेली दोरी खाली आली होती, पिळदार, आणि बोटाखाली ती करवतीने कापलेली होती.

आत्सी मागून आली. तिच्या हातात बाप्तिस्म्याच्या जुन्या टोपड्यात गुंडाळलेली एक वस्तू होती. टोपडं उलगडून तिने ती टेबलावर, उष्ट्या वाट्यांच्या मधे ठेवली. लाकडाची, आंब्याएवढी, गळ्याशी चुण्या पडलेली. तिने ती मुठीखालच्या कापाला लावली. लाकूड लाकडाला बरोबर जुळलं.

"पिशवी?" पोंसी म्हणाला.

"पैशांची थैली," मिली म्हणाली. घरात बायबल वाचलेली ती एकटीच होती. बाकीच्यांनी ते फक्त मिरवणुकीत बघितलं होतं. "शेवटच्या भोजनाला बारा जण होते, कोया. थैली कुणाकडे असायची माहीत आहे?"

"खजिनदाराकडे," सांतिंग म्हणाला.

"त्याचं नाव हुदास होतं."

मांडवातल्या तरुण मंडळाने नेमका तेव्हाच श्वास घ्यायला गाणं थांबवलं. येशूला चांदीच्या नाण्यांसाठी पकडून देणाऱ्या हुदासचा उजवा हात बेबीच्या हातात होता. ती तो खालीही ठेवेना आणि धरूनही ठेवेना.

"चर्चमध्ये शेवटच्या भोजनाचा सगळा देखावा होता," आत्सी सांगू लागली. ती वर्गात शिकवायची तसंच सांगत होती, न थांबता, कुणाकडे न बघता. "धुरात काही दिसत नव्हतं. आपू बासिलियोच्या हाताला जो लागला तो त्याने उचलला. बाहेर आला तर लोक रडत होते, त्याचे पाय धरत होते. कुणीतरी ओरडलं, पेद्रो वाचला. तोही खूष झाला. सकाळी त्याच्या बायकोने काजळी पुसली आणि तिला थैली दिसली. तोवर फादरनी घरी येऊन आशीर्वादही देऊन टाकला होता. आता काय करणार? तिने दार लावलं, करवत घेतली आणि त्याला किल्ली दिली. तेव्हापासून दार लावायची रीत आहे."

"तुला कधीपासून माहीत आहे?" मिलीने विचारलं.

"मी नोकरीला लागले त्या वर्षीपासून."

सांतिंग उठला, बसला, परत उठला. त्याच्या डोळ्यांसमोर त्याची सगळी पोस्टरं आली. आगीत उडी घेणाऱ्यांच्या रक्ताचा. विरोधकाला हे कळलं तर तो पोस्टरसुद्धा बदलणार नाही, खाली एक ओळ तेवढी वाढवेल.

आत्सीला वाटलं होतं, आता तो नको म्हणेल आणि रिकामी गाडी घेऊन जाईल. तेवढ्यासाठीच तर तिने बेबीला आत घेतलं होतं. एवढी वर्षं दाताखाली धरलेली गोष्ट तिने आज विचार करून सोडली होती.

"जाळायचा," सांतिंग म्हणाला.

"काय?"

"आजच. रिसॉर्टवर डुकरं भाजायचा मोठा खड्डा आहे. लोकांना सांगू, वाळवी लागली. पुढच्या वर्षी मी नवा सान पेद्रो करून आणतो, याच्यापेक्षा उंच. बाहेर कोण सांगणार आहे? आपण पाचच जण आहोत."

 आत्सी खुर्ची ओढून बसली. तिला आपल्याच हुशारीचा संताप आला. किल्लीची तार सोडव, असं तिनेच सांगितलं होतं.

"त्याला आगीतून काढलाय," ती म्हणाली. "परत आगीत नाही टाकायचा, सांतिंग. पणजी आजीला आणि आजी इमाला हेच सांगून गेली. बाकीच्या अकरा जणांना सांभाळायला सगळं जग आहे, याला कोण आहे? इमा रोज झोपायच्या आधी त्याचा चेहरा पुसायची. तिला माहीत होतं ती कुणाचा चेहरा पुसते."

"म्हणूनच त्याची मान अशी," पोंसी म्हणाला.

सगळ्यांनी उघड्या दारातून आत पाहिलं. एका हाताने थोटा, अंगात नुसता सुती सदरा घातलेला तो मान वळवून जमिनीकडे बघत होता. पेद्रोला ओळख नाकारल्याची लाज वाटते म्हणून तो असा बघतो, असं इमाने चौघांना सांगितलं होतं. लहानपणी दर शनिवारी चौघं स्टुलावर चढून त्याच्या कानात आठवड्याची पापं सांगायची. स्वर्गाच्या दाराची किल्ली याच्याकडे, तेव्हा याच्याशी आधीच बोलून ठेवलेलं बरं, हा विचार सांतिंगचा होता. त्याला तेव्हापासूनच ओळखी कुठे लावाव्यात ते कळायचं. त्या कानाचा रंग पोरांच्या तोंडांनी उडाला होता आणि खालचं लाकूड गुळगुळीत झालं होतं.

"मी चोरलेले पेरू याला सांगितले होते," पोंसी म्हणाला. "याला. थैलीवाल्याला. आणि मी घाबरत होतो."

तो हसायला लागला. बेबीही हसली.

मिली हसली नाही. तिने आत जाऊन त्याच्या पुढ्यात उभं राहून त्याला पाहिलं. आज तिला कुणी अडवलं नाही. टायफॉइडमध्ये ती मरायला टेकली होती तेव्हा इमाने तिची खाट इथेच आणली होती. तापात मिलीने याला सांगितलं होतं, मला इतक्यात नेऊ नका, मी इमाचं ऐकेन. आणि ती उठून बसली. तिच्या नव्या चर्चमध्ये तिने ही गोष्ट कधी सांगितली नव्हती. लाकडाला कान नसतात, असं ती स्वतःला समजावत आली होती. आता कळलं होतं की कान होते, आणि तेही भलत्याचे.

"मत घे, कोया," ती आतूनच म्हणाली. "लोकशाही आहे म्हणालास ना."

"आता मतं कसली?"

"जाळायचा की नाही याचं. माझं मत, नाही."

"तू? तू तर मूर्ती फोडा म्हणणारी."

"मूर्तीपुढे मी वाकणार नाही. पण कुणाला जाळायचं म्हटलं तर मी मधे उभी राहणार. या घरात माझं ऐकून घेणारा हा एकटाच होता."

ती खरोखर दारात उभी राहिली, हात पसरून. आत्सीने तिच्याकडे पाहिलं, आणि बहिणीला आपण इतकी वर्षं दाराबाहेर बसवलं याचं तिला वाईट वाटलं. ती उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"पोंसी," सांतिंग म्हणाला, "स्वयंपाकघराचं विसरू नकोस."

पोंसीने बाटलीकडे पाहिलं, मग भावाकडे. "कोया, एकदा वादळात आमचं जहाज आडवं झालं होतं. मी याचाच फोटो छातीशी धरून टेबलाखाली बसलो होतो. सान पेद्रो, सान पेद्रो म्हणत. वादळ थांबलं. पत्ता मी बरोबर लिहिला होता. पत्र भलत्याच्या हातात पडलं तरी काम झालं ना? मग पोस्टमन का जाळायचा?"

"बेबी, तू तरी सांग यांना."

बेबीने तो लाकडी हात पदरासारखा छातीशी धरला होता. "मी आज पहिल्यांदा आत गेले," ती म्हणाली. "माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा. आणि पहिल्याच दिवशी जाळायचा? माणसं मला काय म्हणतील?" मग तिने स्वतःच विचार केला. "आणि झगा शिवून झालाय."

ज्या माणसाने स्वतः मतदान मागितलं त्याला शेवटी स्वतःचं सोडून एकही मत पडलं नाही, अशी आमच्या भागातली ती पहिलीच निवडणूक. सांतिंग गाडीत जाऊन बसला. गाद्या रिकाम्याच परत गेल्या. त्या काचेच्या देवळात पुढे त्याने आइस्क्रीमचा फ्रीज ठेवला, आणि एसीमुळे तो फार चांगला चालतो.

शुक्रवारी संध्याकाळी मिरवणूक निघाली. सान पेद्रोच्या अंगावर बेबीचा जरीचा झगा होता, आणि दिव्यांच्या माळांमध्ये तो इतका चमकत होता की मागच्या रथावरच्या मारिया माग्दालेनाला यंदा कुणी विचारलं नाही. मुठीला तारेने किल्ली घट्ट बांधलेली होती. पायाशी लाल कोंबडा. मुलं मेणबत्त्यांचं गळलेलं मेण वेचून त्याचे गोळे करत रथामागे पळत होती, आणि या चौघांनी ते एकेकाळी केलेलं असल्यामुळे कुणी त्यांना रागावलं नाही. मिली मिरवणुकीत नव्हती. ती फक्त रस्त्याच्या कडेने, त्याच दिशेने, त्याच वेगाने चालत होती.

दर वर्षी सांतिंग रथाचा दोर सगळ्यांत आधी धरायचा. यंदा तो बराच मागे, पाण्याच्या बाटल्या वाटणाऱ्यांत चालला होता. उद्या काही बाहेर आलंच तर आपण जवळ नव्हतो, असं त्याला म्हणता आलं पाहिजे होतं.

नवे तरुण फादर त्याच्या बाजूने गेले. "कॅप्टन, तुमचा सान पेद्रो यंदा फार देखणा दिसतोय."

"माझा कुठला, फादर? बहिणीचा आहे. मला त्यातलं काही कळत नाही."

बाजाराच्या वळणावर म्हातारी आपू सेला रुमाल घेऊन उभी होती. सान पेद्रोच्या पायाला पुसून घेतलेला तो रुमाल ती वर्षभर उशाशी ठेवायची. "सांतिंग, तुझ्या पणजाने आगीतून आणलेला हाच ना रे? तुमच्याच घरचा?"

"असेल, आपू. जुन्या काळच्या गोष्टी. आमचा आता त्याच्याशी काय संबंध?"

चर्चच्या पायऱ्यांशी रथ थांबला तेव्हा एक मुलगी फोन उंच धरून आली. तिचं थेट प्रक्षेपण सगळा तालुका बघत असे. "कॅप्टन, तुमच्या घराण्याच्या सान पेद्रोबद्दल दोन शब्द?"

"मी कशाला बोलू?" सांतिंग फोनकडे बघून हसला, पोस्टरवर हसतो तसाच. "खरं सांगतो, मी त्याला ओळखतसुद्धा नाही."

तेवढ्यात कोंबडा आरवला.

असा आरवला की बँडवाल्यांचे वाजवायचे हात थांबले. रथावर ताठ उभा राहून, मान लांब करून, घसा मोकळा सोडून. सगळं गाव आधी कोंबड्याकडे, मग गातबोंतोनांकडे बघायला लागलं. आपू सेलाने क्रूसाची खूण केली. मुलीने फोन सावकाश सांतिंगच्या चेहऱ्यावरून कोंबड्याकडे नेला आणि परत सांतिंगच्या चेहऱ्यावर आणला.

आत्सीने पोंसीला कोपराने ढोसलं. "भात दिला होतास?"

"दिला."

"आणि जिन?"

"आत्सी, हा फार धार्मिक कोंबडा आहे," पोंसी आकाशाकडे बघत म्हणाला. "घेतच नाही."

खरा सान पेद्रो मात्र त्या रात्री कोंबडा आरवल्यावर बाहेर जाऊन ढसाढसा रडला होता, असं बायबलात आहे. सांतिंग रडला नाही. तो त्या मुलीमागे धावला, आणि ते पुसून टाकायचं काय घेशील, असं विचारू लागला.

मिली कडेने चालता चालता कधी मिरवणुकीत आली ते तिलाही कळलं नाही. ती आत्सीच्या बाजूला उभी राहिली. वर तो, जरीच्या झग्यात, हातात भलत्याच दाराची किल्ली घेऊन, मान वळवून खाली बघत होता.

"आत्सी, खरं सांग," ती हळूच म्हणाली. "तुला तो कोण वाटतो? नाकारणारा की विकणारा?"

आत्सीने पायऱ्यांकडे पाहिलं, जिथे त्यांचा भाऊ खिशात हात घालून वाकून बोलत होता.

"ते मी विचारायचं सोडून दिलंय," ती म्हणाली. "आपल्या घरात लाज वाटणारा तेवढा एकच आहे. त्याला मी कुठे जाऊ देत नाही."